मदीरा बेट, ब्लँडी घराणे आणि थांबण्याची ऐपत

(बी. ए. द्वितीय वर्ष, अमडापूर)

इतिहासाच्या तासाला सर ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांचा मार्ग फळ्यावर काढून दाखवीत होते. इंग्लंडहून निघालेले जहाज आफ्रिकेला वळसा घालण्याआधी अटलांटिक महासागरातील एका बेटावर थांबे आणि तेथे द्राक्षाच्या मद्याची पिंपे चढवून मगच हिंदुस्थानच्या वाटेला लागे, असे ते सांगत होते. बेटाचे नाव ‘मदीरा’ असे त्यांनी उच्चारले आणि वर्गात हशा पिकला. मद्याच्या बेटाचे नाव मदिरा नसेल तर काय असेल!

तास संपल्यावर मी ग्रंथालयात जाऊन कोश काढला. आमचा हशा चुकीचा होता. आपली ‘मदिरा’ संस्कृतातील ‘मद्’ या धातूपासून आली. बेटाचे नाव पोर्तुगीज भाषेतले असून त्याचा अर्थ ‘लाकूड’ असा आहे. पोर्तुगीज खलाशी तेथे प्रथम उतरले तेव्हा बेट दाट अरण्याने झाकलेले होते, म्हणून हे नाव. दोन शब्दांचा एकमेकांशी काही संबंध नाही. मात्र त्या चुकीच्या वाटेने मी ज्या विषयाशी येऊन पोहोचले, तो मला आमच्या शेताच्या इतका जवळचा निघाला की त्यावर लिहिल्यावाचून राहवले नाही.

आरंभीच एक खुलासा केला पाहिजे. हा लेख मद्याची भलामण नव्हे. आमच्या गल्लीत हातभट्टीने मोडलेली घरे मी लहानपणापासून पाहत आले आहे. मी कशावर लिहिते आहे हे कळल्यावर आई म्हणाली, “याच्यासाठी का तुले कॉलेजात घातलं?” तिचा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्याचा प्रयत्न मी या लेखात केला आहे.

बेट आणि मुंबईचे आंदण

मदीरा हे ज्वालामुखीतून वर आलेले बेट आहे. क्षेत्रफळ सुमारे ७४० चौरस किलोमीटर, म्हणजे एखाद्या तालुक्याएवढे. आणि त्यात १८०० मीटरहून उंच शिखरे. सपाट जमीन जवळजवळ नाही. इ. स. १४२० च्या सुमारास पोर्तुगिजांनी तेथे वस्ती केली. डोंगर फोडून, दगडी बांध घालून पायऱ्यापायऱ्यांची शेते तयार केली आणि पावसाच्या बाजूचे पाणी अरुंद पाटांनी कोरड्या बाजूला नेले. प्रथम तेथे ऊस होता. गुलामांच्या श्रमावर साखर पिकवून ती युरोपात विकली जाई. पुढे ब्राझीलची स्वस्त साखर आली आणि बेटाला दुसऱ्या पिकाकडे वळावे लागले. ते पीक म्हणजे द्राक्षे.

या बेटाचे आणि आपल्या मुंबईचे नशीब एका लग्नाने जोडले गेले. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स व पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन यांच्या विवाहाचा तह १६६१ साली झाला आणि त्यात मुंबई इंग्रजांना आंदण मिळाली, हे आपण शाळेत शिकतो. पोर्तुगालशी असे सख्य झाल्यावर मदीरा बेटावरील इंग्रज व्यापाऱ्यांचेही बस्तान बसले. १६६३ साली इंग्लंडने कायदा केला की, आपल्या वसाहतींनी युरोपातील माल इंग्लंडमार्फतच घ्यावा. या कायद्यातून मदीराच्या वाइनला सूट मिळाली. त्यामुळे अमेरिकेकडे जाणारी जहाजे ती वाइन थेट बेटावरून भरून नेऊ लागली. हिंदुस्थानकडे येणारी कंपनीची जहाजेही वाटेत तेथे थांबत. अठराव्या शतकात मुंबई, मद्रास व कलकत्ता येथील गोऱ्या साहेबांच्या मेजावर जी वाइन असे, ती बहुधा मदीराच.

समुद्राने शिकविलेली कृती

साधी वाइन उन्हात आणि हलत्या जहाजात टिकत नाही, आंबट होऊन तिचा शिरका बनतो. ती टिकावी म्हणून व्यापारी पिंपात थोडे स्पिरिट घालू लागले. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही पद्धत रूढ झाली. पोर्ट, शेरी व मार्साला या वाइनही याच जातीच्या. स्पिरिट घालून कडक केलेल्या वाइनचा हा वर्ग वेगळा मानला जातो.

पण मदीराच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडली. न खपलेली काही पिंपे विषुववृत्त दोनदा ओलांडून परत बेटावर आली. महिनोन्‌महिने जहाजाच्या तळघरात ती तापली होती, हेलकावे खात होती. ती फोडून पाहिली तर वाइन नासली तर नव्हतीच, उलट अधिक चांगली झाली होती. मग व्यापारी मुद्दाम पिंपे प्रवासाला पाठवू लागले. अशा फेरी करून आलेल्या वाइनला बेटावर ‘विन्यो द रोदा’ म्हणत, आणि इंग्रजी बाजारात ‘ईस्ट इंडिया मदीरा’ या नावाने तिला वेगळा भाव मिळे. हिंदुस्थानला जाऊन आलेली, एवढीच तिची थोरवी!

जहाजाचे भाडे परवडेना, तेव्हा अठराव्या शतकाच्या अखेरीस बेटावरच उष्ण कोठ्या बांधून वाइन तापविण्यास आरंभ झाला. ज्या उष्णतेने माल नासतो तीच पुढे माल तयार करण्याची रीत झाली.

प्रत्यक्ष कृती

ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत द्राक्षे तोडतात. रस काढून तो आंबत ठेवतात. रसातील साखर यीस्ट खाते आणि तिचे मद्यार्क व कर्बवायू असे रूपांतर होते. सगळी साखर संपू दिली तर वाइन गोड राहत नाही. म्हणून मध्येच, ठरलेल्या क्षणी, द्राक्षांपासूनच काढलेले ९६ टक्के तीव्रतेचे स्पिरिट त्यात घालतात. एवढ्या तीव्रतेत यीस्ट जगत नाही, आंबणे थांबते आणि उरलेली साखर वाइनमध्येच राहते.

याचा साधा हिशेब मी करून पाहिला. समजा, १०० लिटर रस आंबून ७ टक्क्यांपर्यंत आला आहे आणि तो १८ टक्के करावयाचा आहे. ९६ मधून १८ वजा केले तर ७८ उरतात. १८ मधून ७ वजा केले तर ११. अकराला अठ्ठ्याहत्तरने भागून शंभरने गुणले की सुमारे १४ लिटर स्पिरिट लागते. आंबणे १२ टक्क्यांपर्यंत जाऊ दिले तर याच रीतीने ८ लिटरही लागत नाही. म्हणजे वाइन जितकी गोड हवी तितके स्पिरिट लवकर आणि जास्त. तयार वाइनची तीव्रता १७ ते २२ टक्के असते.

गोडी द्राक्षाच्या जातीनुसार ठरलेली आहे. सर्सियल या जातीची वाइन कोरडी, म्हणजे जवळजवळ बिनगोडीची. वर्देल्यो किंचित गोड. बुआल त्याहून गोड. आणि माल्वाझिया, जिला इंग्रज माम्झी म्हणतात, ती सर्वांत गोड. या चार जाती मानाच्या आहेत. पण आज बेटावर सर्वाधिक वाइन होते ती तिंता नेग्रा नावाच्या काळ्या द्राक्षापासून, आणि तिच्यापासून चारही प्रकारची गोडी साधता येते.

पुढची पायरी तापविण्याची. तिच्या दोन रीती आहेत. पहिलीत वाइन मोठ्या टाकीत भरून निदान तीन महिने ४५ ते ५० अंश सेल्सिअसवर ठेवतात, म्हणजे अकोल्याचा मे महिना तीन महिने चालू ठेवण्यासारखेच! दुसऱ्या रीतीत लाकडी पिंपे कौलांखालच्या माळ्यावर तुळयांवर मांडतात आणि केवळ उन्हाच्या तापाने वाइन वर्षानुवर्षे पिकू देतात. या तुळयांच्या नावावरून तिला ‘कांतेइरो’ म्हणतात. उत्तम वाइन याच रीतीची. एकाच सालच्या, एकाच उत्तम जातीच्या ‘फ्रास्केइरा’ वाइनला तर पिंपात किमान २० वर्षे काढावी लागतात. लाकडातून दरवर्षी थोडा भाग उडून जातो. उरते ते अधिक घट्ट, अधिक आंबट-गोड. स्पिरिटमुळे तिच्यात शिरका करणारे जंतू वाढत नाहीत, उष्णता व हवा यांनी जे बिघडावयाचे ते आधीच बिघडून स्थिरावलेले असते. म्हणून शंभर वर्षांची मदीराही पिता येते, आणि उघडलेली बाटली महिनोन्‌महिने टिकते.

आमच्याकडे लोणच्याच्या बरणीचे तत्त्व काही फार निराळे नाही. मिठाने नासणे थांबवावयाचे आणि पुढचे काम उन्हावर व दिवसांवर सोडावयाचे.

ब्लँडी घराण्याची पेढी

या बेटावर आजपर्यंत टिकलेल्या पेढ्यांत ब्लँडी या इंग्रज घराण्याची पेढी प्रसिद्ध आहे. जॉन ब्लँडी यांनी १८११ साली फुंशाल या राजधानीच्या बंदरात ती स्थापन केली. नेपोलियनच्या लढायांचा तो काळ. फ्रान्सची वाइन इंग्रजांना दुर्मीळ झाली होती आणि मदीराला मागणी होती.

खरी कसोटी त्यांचा मुलगा चार्ल्स रिडपाथ ब्लँडी यांच्या वेळी आली. १८५१-५२ च्या सुमारास द्राक्षवेलींवर भुरी रोग पडला. काही वर्षांतच बेटाचे पीक जवळजवळ नाहीसे झाले. व्यापारी पेढ्या बंद करून निघून गेले, शेतकऱ्यांनी वेली उपटून पुन्हा ऊस लावला. पुष्कळ लोक बेट सोडून गेले. मदीराचे मजूर १८३५ पासूनच दक्षिण अमेरिकेतील ब्रिटिश गयानाच्या उसाच्या मळ्यांत जात होते. त्याच मळ्यांत १८३८ पासून करारबद्ध हिंदी मजूरही येऊ लागले. जगाच्या एका टोकाचे गरीब आणि दुसऱ्या टोकाचे गरीब असे एका शेतात भेटले.

अशा वेळी चार्ल्स रिडपाथ यांनी काय केले? बंद पडणाऱ्या पेढ्यांतील जुन्या वाइनचे साठे त्यांनी विकत घेतले. नवी वाइन होत नव्हती, म्हणून जुनीचे मोल वाढणार होते. पण ते केव्हा वाढणार हे कोणालाच ठाऊक नव्हते. त्यांच्यापाशी पैसा होता आणि थांबण्याची तयारी होती. पुढे १८७२ साली मुळे खाणारी फायलोक्सेरा ही कीड आली आणि उरलेल्या बागाही गेल्या. पुन्हा लागवड करावयाची ती कीड न लागणाऱ्या अमेरिकन वेलींच्या मुळांवर कलमे बांधून. त्या साऱ्या वर्षांत पेढी तगली ती माळ्यावरच्या जुन्या पिंपांवर.

याच चार्ल्स रिडपाथ यांच्या घरची एक गोष्ट विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना आवडेल. १८७३ साली समुद्रात तारेचे केबल टाकणारे ‘हूपर’ हे जहाज दुरुस्तीसाठी फुंशालला अडकून पडले. त्यावर विल्यम थॉमसन नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांची ब्लँडी कुटुंबाशी ओळख झाली आणि पुढच्या वर्षी त्यांनी चार्ल्स यांची कन्या फ्रान्सिस हिच्याशी विवाह केला. हेच पुढे लॉर्ड केल्व्हिन झाले. तापमानाच्या एककाला ज्यांचे नाव आहे, ते वाइन तापविणाऱ्या घराचे जावई!

विसाव्या शतकात संकटे बाजाराकडून आली. १९१७ च्या क्रांतीने रशियाचे मोठे गिऱ्हाईक गेले. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती. एकेकट्या पेढीला तग धरणे कठीण झाले. १९१३ साली काही पेढ्यांनी एकत्र येऊन संघ केला होता. १९२५ मध्ये ब्लँडीही त्यात सामील झाले. साठवण आणि खर्च एकत्र, बाटलीवरची नावे मात्र ज्याची त्याला. हाच संघ पुढे मदीरा वाइन कंपनी झाला. १९८९ मध्ये पोर्ट वाइनच्या धंद्यातील सिमिंग्टन घराणे त्यात भागीदार झाले आणि २०११ मध्ये, पेढीला २०० वर्षे झाली त्या साली, कंपनीचा ताबा पुन्हा ब्लँडी घराण्याकडे, त्याच्या सातव्या पिढीकडे आला.

मांडवाखालचा माणूस

येथवर वाचून कोणाही विद्यार्थ्याला वाटेल की, ही चिकाटीची आणि दूरदृष्टीची कथा आहे. मलाही तसेच वाटले होते. ती तशी आहेच. पण वाचता वाचता एक प्रश्न मनात येऊ लागला : द्राक्षे कोण पिकवीत होते?

मदीराच्या डोंगरउतारावर द्राक्षाचे मोठे मळे नाहीत. हजाराहून अधिक शेतकरी लहान लहान तुकड्यांवर वेल लावतात. एकेकाच्या वाट्याला सरासरी एकरभरही येत नाही. वेल मांडवावर चढवितात आणि मांडवाखाली बटाटे, घेवडा असले घरापुरते पीक घेतात. पूर्वी रस्ते नव्हते तेव्हा रस बकऱ्याच्या कातड्याच्या पखालीत भरून माणसे पाठीवरून डोंगर उतरून आणीत. पिंपात ओतलेली प्रत्येक लिटर वाइन आधी कोणाच्या तरी पाठीवरून आलेली असे.

आणि ती जमीनही बहुधा त्यांची नसे. तेथे ‘कोलोनिया’ नावाची पद्धत होती. जमीन मालकाची, कष्ट कुळाचे, पीक साधारण निम्मे निम्मे. आपल्या बटईचीच ही बहीण. फरक एका बाबतीत होता. कुळाने जे बांधले, म्हणजे दगडी बांध, वेल, झाडे, झोपडी, ते कुळाच्या मालकीचे मानले जाई. त्याची भरपाई दिल्याखेरीज मालकाला कुळास काढता येत नसे. पण ती भरपाई मालकही सहसा देत नसे आणि जमीन विकत घेण्याची ऐपत कुळाला नसे. शतकानुशतके दोघेही तसेच अडकून राहिले. १९७४ च्या पोर्तुगीज क्रांतीनंतर, १९७७ साली, कायद्याने ही पद्धत संपविली.

कापणीच्या दिवशी कुळाला रस विकावाच लागे. पिंप, माळा आणि वीस वर्षे त्याच्यापाशी नव्हती. रोग पडला तेव्हा त्याने वेल उपटली, कारण त्याला त्याच वर्षी खावयाचे होते. पेढीने त्याच रोगात साठे विकत घेतले, कारण ती थांबू शकत होती. दोघांपैकी कोणी मूर्ख नव्हता आणि कोणी आळशीही नव्हता. कृतीही काही गुप्त नव्हती. ऊन तर सर्वांच्याच कौलांवर पडत होते. या धंद्यात खरा माल वाइन नसून काळ आहे, आणि काळ साठविण्याला भांडवल लागते, एवढेच मला या इतिहासातून कळले.

आपल्यापुरते

माझे वडील दुसऱ्याचे शेत बटईने करतात. दसऱ्याच्या सुमारास सोयाबीन निघते. तोवर बियाण्याची, खताची उधारी तुंबलेली असते, दिवाळी अंगावर आलेली असते. माल खळ्यावरून सरळ बाजारात जातो. त्याच आठवड्यात साऱ्या तालुक्याचा माल तेथे आलेला असतो. ज्याचे गोदाम आहे तो तेव्हा विकत घेतो. पुढे भाव चढतोच असे नाही, हे मला माहीत आहे. पण थांबावे की नाही हे ज्याचे त्याला ठरविता येणे, ही गोष्टच वेगळी.

यावर उपाय कोणी काढलाच नाही असेही नाही. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून आहे. बाजार समितीच्या गोदामात सोयाबीन, तूर, हरभरा ठेवला तर किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज सहा महिन्यांच्या मुदतीने ६ टक्के व्याजाने मिळते. शेतकऱ्याला थांबण्याची ऐपत उसनी देण्याचाच हा मार्ग आहे. ज्याचा सातबारा आहे त्याने तो अवश्य वापरावा. बटईचा व्यवहार मात्र तोंडी असतो. विदर्भासाठी १९५८ साली कूळकायदा झाला. पण कूळ लागेल या भीतीने मालक बटई कागदावर आणू देत नाहीत, आणि ज्याचे कागदावर नाव नाही त्याचे पीकही कागदावर दुसऱ्याचेच असते.

सुटीत घरी गेले तेव्हा मी वडिलांना हा सारा लेख वाचून दाखविला. वाइनच्या कृतीत त्यांनी फारसा रस घेतला नाही. कोलोनियाचा भाग आला तेव्हा मात्र त्यांनी थांबविले.

“थो बांध कोन घातला म्हनतं?”

“कुळानं.”

“मंग बांध कोनाचा?”

“कुळाचाच. तसा कायदा होता तिथं.”

ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “आपल्या वावराच्या धुऱ्याचे दगड म्या आन् तुह्या मायनं येचले. सहा वर्सं झाले.”

आई चुलीजवळ बसून ऐकत होती. मी कशावर लिहिते आहे हे तिने पुन्हा विचारले नाही.